तिला सवलत, त्याला पेन्शन

पगार सारखा, पीएफची कपात सारखी, योजनाही तीच. तरी रिटायर होताना त्याच्या हातात जास्त आणि तिच्या हातात कमी. गणित चुकतं कुठे? बऱ्याचदा ‘खास बायकांसाठी’ म्हणून दिलेल्या सवलतीतच!

सॅलरी स्लिप आपण वाचतो कशी? सगळ्यात खालचा आकडा आधी. मग टॅक्स किती कापला ते बघून दोन शिव्या. मधली पीएफची ओळ तर कुणाला दिसतच नाही. पंचविशी-तिशीत पेन्शनचा विषय काढणं म्हणजे फ्रेशर्स पार्टीत गुडघेदुखीवर बोलण्यासारखं. मान्य. पण आज एक गंमत करून बघा. शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणाऱ्या, तुमच्याच ग्रेडच्या कलीगची स्लिप मागा. तुम्ही मुलगी असाल तर मुलाची, मुलगा असाल तर मुलीची. दोन्ही स्लिप शेजारी शेजारी ठेवा. पीएफचे बारा टक्के दोन्हीकडे सारखेच. पुरुषाला एक रेट आणि बाईला दुसरा, असला प्रकार आपल्याकडच्या पीएफमध्ये नाही.

चला, म्हणजे विषय संपला! संपला असता तर बरं झालं असतं. पण आधी एक लक्षात घ्या, हे ‘बारा टक्के सगळ्यांना सारखे’ आपल्याला जितकं साधं वाटतं तितकं ते जगात सगळीकडे साधं नव्हतं. त्यासाठी लोकांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्यात.

जास्त जगण्याचा दंड

लॉस एंजेलिस. हॉलिवूड वगैरे ठीक, पण त्या शहराला पाणी आणि वीज पुरवणारं एक महापालिकेचं खातंही आहे. १९७० च्या दशकात तिथे एक नियम होता. पेन्शन फंडासाठी बाईच्या पगारातून त्याच पगाराच्या पुरुषापेक्षा १४.८४ टक्के जास्त रक्कम कापायची. का? तर म्हणे बायका जास्त जगतात. जास्त जगतात म्हणजे जास्त वर्षं पेन्शन खातात, मग भरायचीही जास्त. म्हणजे एकाच टेबलावर काम करणारे दोघे, महिनाअखेर तिच्या हातात पैसे कमी. कारण एकच, ती पुढे कधीतरी जास्त जगणार आहे!

मेरी मॅनहार्ट आणि तिच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. युक्तिवाद सुरेख आहे. बायका सरासरीने जास्त जगतात हे खरं. पण कायदा सरासरीला नोकरी देत नाही, माणसाला देतो. ही समोर बसलेली बाई शेजारच्या पुरुषापेक्षा जास्त जगेल, याची हमी कोण देणार? आणि ती लवकर गेली, तर तिने भरलेले जास्तीचे पैसे कुणाच्या पेन्शनला लागले?

मग काही हुशार मंडळींनी दुसरी वाट काढली. कपात सारखी ठेवू, पेन्शन देताना बाईला दरमहा थोडी कमी देऊ. ॲरिझोना राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या योजनेत हेच होतं. नॅथली नॉरिस या कर्मचारी बाईच्या केसमध्ये हिशेब मांडला गेला तेव्हा तेवढेच पैसे भरून पुरुषाला महिन्याला ३५४.०६ डॉलर आणि तिला ३२०.११ डॉलर, असा फरक निघाला. १९८३ मध्ये तेही रद्द झालं.

(आता कुणीतरी म्हणणारच, मग टर्म इन्शुरन्सचा हप्ता बायकांना कमी पडतो ते कसं चालतं? बरोबर प्रश्न आहे. पण ती पॉलिसी तुम्ही बाजारात जाऊन घेता. पेन्शन ही तुमच्या कामाची मजुरी आहे, फक्त उशिरा मिळणारी. फरक तिथे आहे, आणि युरोपातल्या एका केसने तो पक्का केला.)

लेडीज फर्स्ट, पण कुठे?

युरोपातली ही केस एका पुरुषाने लढवली, ही त्यातली गंमत.

ब्रिटनमध्ये १९४० पासून बायकांचं सरकारी पेन्शनचं वय साठ आणि पुरुषांचं पासष्ट होतं. कंपन्यांच्या पेन्शन योजनांनीही तोच कित्ता गिरवला. वरवर बघितलं तर बायकांची चंगळ. डग्लस बार्बर नावाचे गृहस्थ गार्डियन रॉयल एक्स्चेंज या विमा कंपनीत होते. तिथल्या योजनेत पेन्शनचं वय पुरुषाला ६२ आणि बाईला ५७. शिवाय कंपनीनेच नोकरीवरून कमी केलं, तर पन्नाशी गाठलेल्या बाईला पेन्शन ताबडतोब सुरू. पुरुषाला मात्र त्यासाठी पंचावन्न पूर्ण हवीत. १९८० च्या शेवटच्या दिवशी बार्बरना कमी केलं, तेव्हा त्यांचं वय ५२. त्यांच्या जागी बाई असती तर दुसऱ्या दिवसापासून पेन्शन चालू. बार्बरना थोडी रोख रक्कम मिळाली आणि ‘६२ झाल्यावर या’ असं उत्तर.

ते भांडत राहिले. खालच्या पायऱ्यांवर हरले. केस चालू असतानाच वारले. त्यांच्या पत्नी पामेला यांनी ती पुढे नेली आणि १७ मे १९९० ला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीची पेन्शन हा पगाराचाच भाग आहे. आणि समान कामाला समान पगार हे युरोपात १९५७ च्या रोमच्या करारापासून लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे पेन्शनचं वयही दोघांना एकच हवं.

सगळे खूश? थांबा. समानता आणायचे दोन रस्ते असतात. पुरुषाला बाईच्या वयावर आणायचं, नाहीतर बाईला पुरुषाच्या. पहिला रस्ता महाग. मग अनेक योजनांनी काय केलं असेल? बायकांचं वय वाढवून टाकलं! पुढच्या नोकरीपुरतं असं करायला हरकत नाही, असं त्याच न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं. त्या निकालाचे धागेदोरे अजून सुटताहेत. २०१८ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने लॉइड्स बँकेच्या केसमध्ये सांगितलं, की जुन्या योजनांमधल्या एका किमान हमीच्या पेन्शनमुळे बायका-पुरुषांत पडलेला फरकही भरून काढा. तोही १७ मे १९९० पासूनचा.

लवकर रिटायर होण्याची ‘सवलत’ बायकांनाही फुकट पडलेली नव्हती. पाच वर्षं आधी घरी जाणं म्हणजे पाच वर्षांचा पगार, इन्क्रिमेंट आणि प्रमोशन कमी. पेन्शन मोजतात नोकरीच्या वर्षांवर आणि शेवटच्या पगारावर, म्हणजे मार दोन्हीकडून. आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्यायचं तर एअर इंडिया. एअर होस्टेस पस्तिशीला रिटायर, चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी गेली, पहिल्यांदा दिवस गेले तरी गेली. त्याच विमानातला पुरुष फ्लाइट पर्सर मात्र अठ्ठावन्नपर्यंत. नर्गेश मिर्झा केसमध्ये १९८१ ला सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट हाणून पाडली. निवृत्तीचं वेगळं वय आणि लग्नाची अट मात्र तेव्हा चालवून घेतली.

नियम सारखा, फटका वेगळा

आता आपल्या पीएफकडे. १९५२ च्या योजनेत एक बारीकसं वाक्य आहे. नोकरी सोडल्यावर पीएफ काढायचा तर दोन महिने थांबायचं. मात्र बाई लग्नासाठी नोकरी सोडत असेल तर ही थांबायची अट नाही. किती समंजसपणा! हॉल बुक करायचाय, शालू घ्यायचाय, दोन महिने कशाला ताटकळायचं? लग्न करणाऱ्या पुरुषासाठी असं काही लिहिलेलं नाही. तो लग्न करून नोकरी सोडेल, ही कल्पनाच नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आली नसावी.

या ‘समंजसपणा’ची किंमत काढू. समजा, तिशीत नोकरी सोडताना तिच्या पीएफमध्ये चार लाख आहेत. व्याज आठ टक्के धरा. पैसे तसेच राहिले तर ५८ व्या वर्षी ते होतात साधारण साडेचौतीस लाख. नोकरी सोडली तरी खात्यावर व्याज चालू राहतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. ‘बंद पडेल गं, काढून टाक’ हा सल्ला ट्रेनमध्ये, पँट्रीत, माहेरी, सासरी सगळीकडे फुकट मिळतो.

दुसरी सवलत २०१८ च्या बजेटमधली. नव्याने नोकरीला लागणाऱ्या बायकांनी पहिली तीन वर्षं बाराऐवजी आठच टक्के पीएफ भरावा, असा प्रस्ताव अरुण जेटलींनी मांडला होता. कंपनीचा वाटा तेवढाच, फक्त तिच्या हातात पगार जास्त. ऐकायला गोड. पण बेसिक पंचवीस हजार असेल तर महिन्याला हजार रुपये फंडात कमी जाणार. तेविसाव्या वर्षापासून तीन वर्षं, म्हणजे ३६ हजार. त्याच आठ टक्क्यांनी ५८ व्या वर्षी ही तूट साडेचार लाखांच्या वर जाते. तिच्या शेजारी बसणारा तो मात्र बाराच टक्के भरत राहणार. म्हणजे लॉस एंजेलिसने बाईला जास्त भरायला लावलं आणि आपण तिला कमी भरायला सांगत होतो. पहिल्यात अन्याय लगेच दिसतो. दुसऱ्याला आपण टाळ्या वाजवतो.

पण खरी मेख आहे पेन्शनमध्ये. पीएफचा भाऊ म्हणजे ईपीएस, १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. कंपनीच्या बारा टक्क्यांतून ८.३३ टक्के तिकडे जातात. (१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आला असाल आणि बेसिक पंधरा हजारांच्या वर असेल, तर तुम्ही ईपीएसमध्ये नाही. पासबुकात पेन्शनचा कॉलम रिकामा दिसेल. घाबरू नका, तो वाटा पीएफमध्येच पडतो.) या योजनेचं सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. दहा वर्षं भरली तरच महिन्याची पेन्शन, नाहीतर नाही. वीस वर्षं भरली तर वर दोन वर्षं बोनस. सूत्रात बाई-पुरुष हा शब्दसुद्धा नाही. शंभर टक्के समान!

आता दोघांना त्यात घालून बघू. तो पंचविसाव्या वर्षी लागला, अठ्ठावन्नला सुटला. तेहतीस वर्षं, अधिक दोन बोनस, झाली पस्तीस. २०१४ मध्ये ठरलेल्या पंधरा हजारांच्या मर्यादेने त्याची पेन्शन होते महिना साडेसात हजार. तीही पंचविसाव्या वर्षी लागली. सात वर्षं काम केलं, बाळ झालं, नोकरी सोडली, सगळे पैसे काढले. पाच वर्षांनी परत आली. आठ वर्षं केली, तेवढ्यात सासूबाईंचं आजारपण. पुन्हा सोडली, पुन्हा काढले. सात आणि आठ पंधरा, पण दोन्ही तुकडे दहाच्या आत. पेन्शन? शून्य. एकदाच काहीतरी रक्कम मिळते, तीही कधीच संपलेली असते.

तेच पैसे तिने पहिल्यांदा काढले नसते तर? सात आणि आठ जोडून पंधरा वर्षं धरली गेली असती. पंधरा हजार गुणिले पंधरा, भागिले सत्तर. महिन्याला ३,२१४ रुपये, जन्मभर. फार नाहीत, हे कबूल. मुंबईत तेवढ्यात महिन्याचा किराणाही येणार नाही. पण शून्य आणि ३,२१४ यांच्यात स्वतःच्या नावावर काहीतरी असण्याचा फरक आहे. आणि हा फरक फक्त एका फॉर्मवरच्या एका खुणेने पडतो.

जर्मनीत कारीन वेबर फॉन हार्ट्झ या सेल्सवुमनने नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. बिल्का या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ती पंधरा वर्षं होती, आधी फुल टाइम, मग १९७२ पासून पार्ट टाइम. कंपनीचा नियम असा, की पार्ट टाइमवाल्यांना पेन्शन हवी असेल तर वीस वर्षांतली किमान पंधरा फुल टाइम हवीत. नियम बाई-पुरुष दोघांनाही सारखाच! पण पार्ट टाइम करणारे बहुतेक कोण होते? १९८६ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, की नियम कागदावर सारखा असून चालत नाही. त्याचा फटका मुख्यतः बायकांना बसत असेल, तर तो नियम कशासाठी लागतो हे कंपनीने पटवून द्यायचं. नाही पटलं तर नियम गेला. आपली दहा वर्षांची अट या चाळणीतून घातली तर काय उरेल, याचा विचार व्हायला हवा. निदान बाळंतपण आणि बालसंगोपनाची काही वर्षं नोकरीत धरावीत, ही मागणी मला तरी अजिबात अवाजवी वाटत नाही.

‘काढू नका’ म्हणणं सोपं असतं

आता तुम्ही म्हणाल, मग सरकारने पैसे काढायलाच बंदी घालावी. घातली होती! फेब्रुवारी २०१६ मध्ये अधिसूचना निघाली, की मालकाच्या वाट्याचे पीएफचे पैसे अठ्ठावन्न वर्षांपर्यंत मिळणार नाहीत. हेतू चांगला होता. पण एप्रिलमध्ये बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो कामगार रस्त्यावर उतरल्या. हो, उतरल्या, कारण त्यात बहुसंख्य बायका होत्या. तुटपुंजा पगार, आज आहे उद्या नाही अशी नोकरी. मुलांची फी, घरातलं आजारपण, सावकाराचं कर्ज, या सगळ्याला त्यांच्याकडे एकच पेटी होती, ती म्हणजे पीएफ. शहर ठप्प झालं, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. १९ एप्रिलला सरकारने नियम मागे घेतला.

एसीत बसून कंपाउंडिंगचे धडे देणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे विसरू नये. म्हातारपणाची पुंजी आज मोडावी लागते, कारण आजचा पगार पुरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पुन्हा याच दिशेने पाऊल टाकलं. पंचवीस टक्के रक्कम खात्यात राहू द्यायची, सगळे पैसे काढण्यासाठी दोनऐवजी बारा महिने थांबायचं आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठी छत्तीस महिने, असं ठरवलं. करिअर ब्रेक घेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने छत्तीस महिन्यांची ही अट खरं तर फायद्याची आहे, कारण तोवर ती कदाचित परत नोकरीला लागलेली असेल. कारखाना बंद पडलेल्या बाईला मात्र ती तितकीच गैरसोयीची.

‘फॅमिली’ कुणाची?

आता एक मजेदार प्रकरण. तुम्ही गेलात तर पीएफ कुणाला? नॉमिनी फॅमिलीतलाच हवा. आणि फॅमिली म्हणजे कोण, हे १९५२ च्या योजनेत पुरुषासाठी वेगळं आणि बाईसाठी वेगळं लिहिलंय. पुरुषाच्या फॅमिलीत बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील. बाईच्या फॅमिलीत नवरा, मुलं, तिचे अवलंबून असलेले आईवडील... आणि नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील! म्हणजे सुनेच्या पीएफवर सासू-सासऱ्यांची नोंद, जावयाच्या पीएफवर मात्र सासू-सासरे पाहुणेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, स्त्री कर्मचाऱ्याचे सासू-सासरेच फॅमिलीत आहेत.

पण याच योजनेत बाईच्या बाजूने एक जबरदस्त कलम दडलंय. तिने पीएफ कमिशनरला नुसतं लेखी कळवलं, की नवऱ्याला माझ्या फॅमिलीतून वगळा, तर तो बाहेर. त्याचे आईवडीलही बाहेर. कारण द्यायची गरज नाही. पुरुषाला बायकोला असं वगळता येत नाही. त्याला सिद्ध करावं लागतं, की तिचा पोटगीचा हक्क संपलाय. आता इथे समानता हवी का? माझं मत विचाराल तर नको. घर सोडून निघालेल्या बाईच्या हातात एवढं एक पत्र तरी असू द्या. सरकारी नोकरीतल्या बायकांनाही जानेवारी २०२४ पासून अशी सोय मिळाली. घटस्फोटाचा, कौटुंबिक हिंसाचाराचा किंवा हुंड्याचा खटला चालू असेल, तर फॅमिली पेन्शनसाठी नवऱ्याआधी मुलांचं नाव देता येतं.

आणि हो, लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही, ते नव्याने भरावं लागतं. हनिमूनचे फोटो अपलोड करून झाले की तेवढं पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन उरकून टाका. दोघांनीही.

ती एक खूण

मघाशी म्हटलं ना, एका खुणेचा फरक? तो फॉर्म आहे १०-सी. नोकरी सोडताना दहा वर्षं भरली नसतील, तर ईपीएसचं काय करायचं ते यात विचारतात. दोन पर्याय असतात, पैसे काढा किंवा स्कीम सर्टिफिकेट घ्या. हे सर्टिफिकेट म्हणजे तुमच्या झालेल्या वर्षांची पावती. पाच वर्षांनी, आठ वर्षांनी परत नोकरी धरलीत, की ते नव्या कंपनीमार्फत जमा करायचं आणि वर्षं पुढे मोजायला लागायची. आधीची नोकरी सोडून लगेच दुसरी धरत असाल तर याचीही गरज नाही, यूएएन तोच ठेवून खातं ट्रान्सफर करायचं. एचआरवाले घाईत पैसे काढण्याच्या चौकोनावर पेन्सिलने खूण करून फॉर्म पुढे सरकवतात. तो तसाच सही करून परत देऊ नका. आधी सर्व्हिस हिस्टरी उघडा, किती वर्षं नि किती महिने झालेत ते बघा, आणि मग ठरवा.